ओरड आधीं, गोल मागाहून

इ. स. २०२२ च्या डिसेंबर महिन्यांतील सोमवार, तारीख १२ पासून रविवार, तारीख १८ पर्यंतचा आठवडा आमच्या शाळेच्या बराच काळ स्मरणांत राहील. त्या आठवड्यांत कतार देशीं चाललेली फुटबॉलची विश्वचषक स्पर्धा शेवटास आली, शाळेंत एक चित्रपट दाखविण्यांत आला, आणि आठवडा संपतां संपतां विद्यार्थ्यांमध्यें एक तंटा उपस्थित झाला. तंटा दिसावयास क्षुल्लक होता. परंतु त्याचा निकाल लावतांना आम्हां शिक्षकांस जें शोधून काढावें लागलें, तें वाचकांसही उपयोगी पडेल असें वाटल्यावरून हा लेख लिहिण्याचें योजिलें आहे.

लोटें हें गांव खेड तालुक्यांत, मुंबई-गोवा महामार्गावर, परशुरामाच्या देवस्थानापासून जवळच आहे. येथील औद्योगिक वसाहतींत मुख्यतः रासायनिक कारखाने असून गांवाचा दिवस त्यांच्या पाळ्यांवर चालतो. कोंकणांत मुलांचा खेळ म्हटला म्हणजे कबड्डी आणि टेनिसच्या चेंडूचें क्रिकेट. फुटबॉलचें वेड येथें मूळचें नव्हे. तथापि त्या आठवड्यांत ज्याच्या त्याच्या तोंडीं मेस्सी आणि एम्बापे हींच नांवें होतीं. कतारचें घड्याळ आपल्या घड्याळाच्या अडीच तास मागें असल्यामुळें तेथें रात्रीं दहा वाजतां सुरू होणारा सामना येथें साडेबारा वाजतां दिसे. उपांत्य फेरीचे दोन्ही सामने असे मध्यरात्रीनंतर झाले. मंगळवारच्या रात्रीं अर्जेंटिनानें क्रोएशियाचा ३-० असा, आणि बुधवारच्या रात्रीं फ्रान्सनें मोरोक्कोचा २-० असा पराभव केला. दुसऱ्या पाळीवरून परतलेला बाप आणि झोपेंतून उठविलेला मुलगा शेजारीं शेजारीं बसून हे सामने पाहत, आणि सकाळच्या पहिल्या तासाला अर्धा वर्ग डुलक्या घेई. आम्हीं प्रथम रागें भरून पाहिलें, नंतर खिडक्या उघडून पाहिल्या, आणि शेवटीं पहिला तास पाढे मोठ्यानें म्हणण्यास दिला.

शनिवारीं शाळा सुटल्यावर सभागृहाच्या पांढऱ्या भिंतीवर परेश मोकाशी यांचा ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ हा चित्रपट मुलांस दाखविला. दादासाहेब फाळके यांनीं ‘राजा हरिश्चंद्र’ हा मूकपट कसा तयार केला, त्याची ही कथा आहे. फाळके यांचा चित्रपट इ. स. १९१३ च्या मे महिन्याच्या ३ तारखेस मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरांत लोकांसमोर आला. ख्रिस्ताच्या चरित्रावरील एक विलायती चलच्चित्र मुंबईंत पाहत असतां, असेंच आपल्या देवांचें चित्र आपणही कां काढूं नये, हा विचार त्यांच्या मनांत आला, हें प्रसिद्धच आहे. मुलें हंसलीं, टाळ्या वाजल्या, आणि आठवडा सुखरूप पार पडला असें आम्हांस वाटलें. परंतु रविवार अद्याप यावयाचा होता.

रविवारीं रात्रीं साडेआठ वाजतां अंतिम सामना सुरू झाला. ऐंशीव्या मिनिटापर्यंत अर्जेंटिना दोन गोलांनीं पुढें होती. मग एम्बापेनें दोन मिनिटांच्या आंत दोन गोल करून बरोबरी साधली. जादा वेळांत दोहों बाजूंनीं एकेक गोल होऊन ३-३ अशी पुन्हां बरोबरी झाली, आणि निकाल पेनल्टीच्या फटक्यांवर गेला. महामार्गालगतच्या एका चाळीच्या पडवींत त्या वेळीं आमच्या शाळेचे सात विद्यार्थी एका मोबाईलभोंवतीं कोंडाळें करून बसले होते. प्रत्येक फटक्याच्या आधीं गोल होणार कीं चुकणार, यावर वडापावाची पैज लागत होती. भिंतीला टेकून बसलेला नववीचा एक मुलगा प्रत्येक वेळीं बरोबर सांगूं लागला. एकूण फटके आठ झाले. आठही त्यानें अचूक सांगितले.

सोमवारीं सकाळीं तक्रार आमच्याकडे आली. “सर, त्याला सगळं आधीं ठाऊक होतं. तो फसवतो.” आम्हीं पैजेबद्दल सर्वांस दटाविलें, आणि त्या मुलानें मोबाईलमध्यें कांहीं लबाडी केली असावी असें गृहीत धरून त्याच्या वडिलांस बोलावणें धाडिलें. ते रात्रपाळी आटोपून परस्परच आले. हातांत कारखान्याचें हेल्मेट, डोळे तांबारलेले. दारांतच उभे राहून ते म्हणाले, “सर, मोबाईल त्याचा नव्हता. तो दुसऱ्या मुलाचा होता. मग त्यानं लबाडी कशांत केली, तेवढं मला सांगा, म्हणजे मी त्याला शिक्षा करतो.” या प्रश्नास आमच्याकडे उत्तर नव्हतें. चौकशी करण्यापूर्वींच आम्हीं दोषी ठरविला होता. त्यांस आम्हीं झोपावयास घरीं पाठविलें, आणि दोन दिवसांत उत्तर देण्याचें कबूल केलें.

पहिली शंका आमच्या गणिताच्या सहकाऱ्यांनीं काढिली. नुसत्या दैवावर आठ वेळां बरोबर सांगणें कितपत शक्य आहे? गोल होणें व चुकणें या दोन्ही गोष्टी सारख्याच संभाव्य धरल्या, तर आठही उत्तरें बरोबर येण्याची शक्यता २५६ मध्यें १ इतकी आहे. परंतु पेनल्टीचे बहुतेक फटके गोलांतच जातात. त्या रात्रीं आठांपैकीं सहा गोल झाले. तेव्हां डोळे मिटून दर वेळीं ‘होणार’ म्हणणाऱ्याचीं सहा उत्तरें बरोबर आलींच असतीं. खरें कोडें उरलेल्या दोहोंचें होतें. फ्रान्सच्या कोमानचा फटका गोलरक्षकानें अडविला आणि चुआमेनीचा बाहेर गेला. हे दोन्ही चुकणार, हें त्या मुलानें आधीं कसें सांगितलें?

याचें उत्तर समजण्यास पडद्यावरचें चित्र म्हणजे काय, येथून आरंभ केला पाहिजे. पडद्यावर वस्तुतः कांहींच हलत नाहीं. चित्रपटांत एका सेकंदांत २४ स्थिर चित्रें एकामागून एक दाखवितात. आपल्याकडील दूरचित्रवाणींत तीं २५ असतात. तीं इतक्या त्वरेनें येतात कीं डोळा आणि मेंदू मिळून त्यांची एक अखंड हालचाल बनवितात. शिमग्यांत पेटती चूड गरगर फिरविली म्हणजे अंधारांत अग्नीचें कडें दिसतें, हें सर्वांनीं पाहिलें आहे. कडें तेथें नसतें. चूड एका वेळीं एकाच ठिकाणीं असते. फाळके यांनीं हेंच तत्त्व उलट बाजूनें वापरलें. कुंडींत वाटाणा पेरून त्याच्या वाढीचीं चित्रें ते रोज थोडीं थोडीं काढीत गेले, आणि तीं सलग दाखवितांच कित्येक दिवसांची वाढ प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत घटकेंत झाली. ही छोटी चित्रफीत पाहूनच त्यांस भांडवल देणारा मनुष्य मिळाला.

आतां पेनल्टीचा फटका घ्या. चेंडूपासून गोलरेषेपर्यंतचें अंतर सुमारें ११ मीटर. चेंडू ताशीं १०० किलोमीटर वेगानें गेला, तर एका सेकंदांत तो जवळजवळ २८ मीटर जातो. म्हणजे हें अंतर त्यास सेकंदाच्या चार-दशांशांत काटतां येतें. सेकंदास २५ या हिशेबानें तेवढ्या अवधींत अवघीं दहा चित्रें निघतात, आणि एका चित्रापासून दुसऱ्यापर्यंत चेंडू मीटरभर पुढें सरकलेला असतो. ज्या फटक्यासाठीं लाखो लोक श्वास रोधून बसतात, तो पडद्यावर दहा चित्रांचा असतो. म्हणूनच सूक्ष्म निर्णयांसाठीं साधा कॅमेरा पुरत नाहीं. कतारच्या स्पर्धेंत ऑफसाइड ठरविण्यासाठीं छताखालीं बारा निराळे कॅमेरे होते. ते प्रत्येक खेळाडूच्या शरीरावरील २९ पर्यंत बिंदू सेकंदास ५० वेळां टिपीत. आणि चेंडूच्या पोटांत बसविलेलें उपकरण सेकंदास ५०० वेळां आपली खबर देई, तेणेंकरून चेंडूस पाय नेमका कोणत्या क्षणीं लागला तें कळे.

चित्र तयार झालें. आतां तें लोट्यास कसें पोंचतें? कतारहून आमचें गांव सरळ रेषेनें सुमारें २,४०० किलोमीटर. विद्युल्लहरींचा वेग सेकंदास तीन लक्ष किलोमीटर असल्यामुळें हें अंतर त्या सेकंदाच्या शंभराव्या भागांत ओलांडतील. परंतु पृथ्वी गोल आहे आणि लहरी सरळ जातात. म्हणून त्यांस उपग्रहाच्या मार्गानें आणावें लागतें. हे उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारें ३६,००० किलोमीटर उंचीवर असतात. तेथें त्यांची प्रदक्षिणा पृथ्वीच्या परिवलनाबरोबर पुरी होत असल्यानें ते आपणांस आकाशांत एकाच जागीं स्थिर भासतात. आमच्या गांवांतील घरोघरच्या डिशांचीं तोंडें साधारण दक्षिणेकडे आणि वर वळलेलीं कां असतात, याचें कारण हेंच. वर जाणें आणि खालीं येणें मिळून ७२,००० किलोमीटरांचा प्रवास झाला. त्यास सेकंदाचा पाव भाग लागतो. अशा दोन फेऱ्या धरल्या तरी अर्धा सेकंद.

येथपर्यंत हिशेब सोपा होता, आणि येथेंच आम्ही अडलों. अर्ध्या सेकंदानें तो तंटा उलगडत नव्हता. उलगडा पुढें, चित्राच्या बांधाबांधींत सांपडला. आजचें एक स्पष्ट चित्र म्हणजे सुमारें वीस लक्ष ठिपके. असें प्रत्येक चित्र जसेंच्या तसें पाठवावयाचें तर मार्ग तुंबून जाईल. म्हणून यंत्र मागील व पुढील चित्रें ताडून पाहतें आणि मुख्यतः जें बदललें तेवढेंच पाठवितें. मैदानाचें गवत बदलत नाहीं, चेंडू बदलतो. परंतु पुढील चित्रांशीं ताडून पाहावयाचें म्हणजे तीं येईपर्यंत थांबणें आलें. या बांधण्यांत आणि सोडण्यांत डिशवरील चित्रासही कांहीं सेकंदांचा उशीर होतो.

मोबाईलवरील चित्राची गोष्ट याहून निराळी आहे. डिशवरील चित्र नळाच्या पाण्यासारखें अखंड वाहत येतें. मोबाईलवरील चित्र हंड्याहंड्यानें येतें. सामन्याचे कांहीं कांहीं सेकंदांचे तुकडे पाडितात. एक तुकडा पुरा भरला म्हणजे तो जाळ्यावरून निघतो. जाळें मध्येंच मंद झालें तर चित्र थबकूं नये, यासाठीं मोबाईल दोन-चार हंडे आधीं साठवून ठेवतो, आणि मगच ओतावयास आरंभ करितो. या साऱ्यांत वीस-तीस सेकंद, कधीं त्याहूनही अधिक, मागें पडावयास होतें. पाहणाऱ्यास मात्र आपण अगदीं तत्क्षणीं पाहत आहों असेंच वाटतें.

मंगळवारीं मधल्या सुटींत आम्हीं प्रयोग केला. मुख्याध्यापकांच्या खोलींतील डिशवर एक बातम्यांची वाहिनी लाविली आणि तीच मोबाईलवर लावून, घड्याळ घेऊन तंटा करणारीं मुलें भोंवतीं उभीं केलीं. निवेदिकेनें एक वाक्य उच्चारलें. तेंच वाक्य तिनें मोबाईलमध्यें २४ सेकंदांनीं उच्चारलें. पुन्हां पाहिलें, या खेपेस २६. खोलींत सर्वत्र शांतता पसरली. नंतर एकानें हळूच विचारलें, “सर, भिंतीपलीकडच्या घरांत डिश आहे ना?”

होती. आणि त्या घरचीं माणसें अर्जेंटिनाच्या बाजूचीं होतीं. आनंदाची आरोळी उठली कीं अर्जेंटिनाचा गोल, किंवा फ्रान्सचा फटका वायां. हळहळ ऐकूं आली कीं फ्रान्सचा गोल. पडवींतल्या मोबाईलवर खेळाडू अजून चेंडू ठेवावयास चालत येत असे, तोंच भिंतीपलीकडे निकाल लागलेला असे. ओरड आधीं, गोल मागाहून.

मुलास आम्हीं एकट्यास बोलावून विचारलें. त्यानें खालीं पाहूनच सांगितलें, “पहिले दोन मी अंदाजानं सांगितले, सर. तिसऱ्याला त्या घरांत ओरडले, मी ‘चुकणार’ म्हटलं, आणि चुकला. तेव्हां कळलं. मग गप्प राहिलों.” म्हणजे तक्रार करणारे सर्वस्वीं चुकले नव्हते, आणि बापाचा प्रश्नही रास्त होता. मोबाईलमध्यें लबाडी झाली नव्हती. परंतु इतरांस जें ठाऊक नाहीं तें आपणांस ठाऊक असतां, आपणही त्यांच्यासारखेच अंदाज करीत आहों असें भासवून पैज लावणें, हा प्रामाणिक व्यवहार नव्हे. कान तीक्ष्ण असणें हा दोष नाहीं. तिसऱ्या फटक्यानंतर गप्प राहणें हा दोष होय. असा निकाल आम्हीं दिला. पैजा रद्द झाल्या. मुलाच्या वडिलांस आम्हीं स्वतः भेटून, चौकशीवांचून ठपका ठेवल्याबद्दल दिलगिरी कळविली, आणि तीच गोष्ट वर्गासमोरही बोलून दाखविली. पुढें फळ्यावर उपग्रहाची आकृति काढून हा उशीर समजावून देण्याचें काम आम्हीं त्याच मुलाकडे दिलें. तें त्यानें चांगलें केलें. तरीही हरलेल्यांपैकीं एक जण शिमग्यापर्यंत त्याच्याशीं बोलत नव्हता, हेंही येथें नमूद करणें आम्हांस भाग आहे.

या प्रकरणानें आम्हांस एक जुनी गोष्ट नव्यानें उमगली. दूरचें दृश्य आपणांस नेहमीं उशिराच दिसत आलें आहे; केवळ उशिराचें माप बदलत गेलें. इ. स. १९५६ च्या मेलबर्न येथील ऑलिंपिकमध्यें मुंबईच्या नेव्हिल डिसोझा यांनीं ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केले. भारतानें तो सामना ४-२ असा जिंकिला आणि स्पर्धेंत चौथें स्थान मिळविलें. त्या वेळीं भारतांत दूरचित्रवाणी नव्हतीच. ती दिल्लीस १९५९ च्या सप्टेंबरांत प्रायोगिक स्वरूपांत आणि मुंबईस १९७२ च्या ऑक्टोबरांत आली. त्या तीन गोलांची हकीकत आपल्या लोकांस छापील वर्तमानपत्रांतून वाचावी लागली. परंतु त्या उशिरामुळें भांडण होत नसे, कारण उशीर झाला आहे हें प्रत्येकास ठाऊक असे. आजचा उशीर दिवसांवरून सेकंदांवर आला, आणि त्याबरोबरच तो अदृश्यही झाला. भांडणाचें मूळ उशिरांत नसून तो दिसेनासा होण्यांत आहे.

शिवाय डोळ्यांनीं पाहिलेलें तेवढें खरें, हेंही पडद्यापुढें सांभाळूनच म्हणावें लागतें. इ. स. १९८६ सालीं मेक्सिकोंत मॅराडोनानें इंग्लंडविरुद्ध हातानें केलेला गोल पंचांस दिसला नाहीं. घरीं बसलेल्यांस तो पडद्यावर दिसला. उलट कतारच्या याच स्पर्धेंत जपान आणि स्पेन यांच्या सामन्यांत चेंडू रेषेबाहेर गेल्याचें घरीं बसलेल्यांस छायाचित्रांत स्पष्ट दिसत होतें. तरी पंचांनीं जपानचा गोल ग्राह्य धरिला, आणि तेंच योग्य होतें. चेंडू गोल असल्यामुळें त्याचा जमिनीस टेकलेला भाग रेषेबाहेर असला, तरी फुगीर भाग रेषेच्या वर राहूं शकतो. तिरकस बाजूनें पाहणाऱ्यास तें कळत नाहीं. एकदां पडदा खरा ठरला, एकदां त्यानें फसविलें. कोठून पाहिलें आणि केव्हां पाहिलें, हे दोन प्रश्न विचारल्यावांचून पाहिलेल्या गोष्टीची साक्ष देऊं नये, एवढाच बोध आम्हीं घेतला.

आमच्या मुलांचा उत्साह पडद्यापाशींच संपूं नये, असेंही आम्हांस वाटूं लागलें. याविषयीं कोल्हापूरचें उदाहरण विचार करण्यासारखें आहे. बाबूराव पेंटर यांची महाराष्ट्र फिल्म कंपनी कोल्हापुरास निघाली, आणि इ. स. १९२९ सालीं प्रभात कंपनीही तेथेंच स्थापन झाली; म्हणजे चलच्चित्रांचा नाद त्या शहरास फार पूर्वींच लागला. विश्वचषकाच्या दिवसांत तेथील गल्ल्या अर्जेंटिनाच्या आणि ब्राझीलच्या निशाणांनीं भरून जातात. परंतु तेच लोक स्वतःही मैदानांत उतरतात. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम अशा जुन्या तालमींचे फुटबॉलचे संघ आहेत, आणि शाहू स्टेडियमवर त्यांच्या सामन्यांस मोठी गर्दी लोटते. इ. स. २०१७ सालीं सतरा वर्षांखालील मुलांची विश्वचषक स्पर्धा भारतांत भरली, तेव्हां भारताच्या संघांत कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. पाहणें आणि खेळणें यांचें तेथें वैर नाहीं. एकानें दुसऱ्यास खतपाणी मिळतें.

लोट्यास शाहू स्टेडियम नाहीं. शाळेच्या मागें कातळाची थोडी सपाट जागा आहे. तीवर पडलें म्हणजे गुडघे फुटतात. १९ डिसेंबरच्या आठवड्यांतच मुलांनीं तेथें दोन्ही टोकांस जांभ्याचे दोन दोन चिरे ठेवून गोल मांडिले, आणि शाळेनें एक चेंडू दिला. पहिल्या दिवशीं चेंडू कोणाच्याच पायांत टिकेना. तक्रार करणारे एका बाजूस आणि भिंतीला टेकून बसणारा दुसऱ्या बाजूस, अशी वांटणी मुलांनीं आपण होऊनच केली. दहा-पंधरा मिनिटांनीं चेंडू दोन चिऱ्यांमधून एकदांचा गेला, आणि कातळावर एकच ओरड झाली. आम्ही व्हरांड्यांत उभे होतों. संवयीनें हातांतील घड्याळाकडे नजर गेली. परंतु मोजण्यासारखें कांहीं नव्हतें. गोल आणि ओरड एकाच क्षणीं झालीं होतीं.